न मोजलेला फणस

"तुमच्यावरच लिहितोय की, मामा!"

हे मी हसत हसत म्हणालो. समोरच्या म्हाताऱ्याला बरं वाटेल, असा माझा अंदाज होता. अणशीच्या अलीकडच्या एका वळणावर, बसथांब्याच्या कट्ट्यावर मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. भर मे महिन्यात लाल लोकरीची कानटोपी घातलेले एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले होते आणि बराच वेळ माझ्या पेनाच्या टोकाकडं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय लिवतायसा?" त्यावर मी हे उत्तर दिलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वहीकडं, आणि दोन पावलांत ते रानात दिसेनासे झाले.

मी वहीत टिपलं : 'म्हातारा. लाल टोपी. लाजाळू.'

वाडी तिथून दोन मैलांवर, आणि तिथं माझी सासरवाडी. बायको आदल्या दिवशीच पुढं गेली होती. घाम पुसत पोचलो, तर वाडीचा रंग वेगळाच. अंगणात कोकमं वाळत घातलेल्या बाईनं मला बघताच ती भराभर सुपात भरून आत नेली. एकानं कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. एरवी 'जावय आले, जावय आले' करणारी माणसं दारं अर्धी ओढून फटीतनं बघत होती. सासरे पायरीवरच उभे होते. त्यांनी हातात पाण्याचा तांब्या दिला नाही.

"जावयबापू, खरं काय ते सांगा. कुनाच्यात नोकरीला लागलाय काय?"

"नाही हो. गिरणीच चालवतोय."

"मग मोजायला कशापायी आलाय?"

झालं होतं ते असं. लाल टोपीवाले म्हणजे सासऱ्यांचे शेजारी, माझ्या बायकोचे पुनाप्पामामा. आमची दोघांची गाठ आधी कधी पडलीच नव्हती. पायवाटेनं ते माझ्या आधी पोचले होते आणि त्यांनी घरोघरी सांगितलं होतं, "मोजनारा आलाय. तोंडावर सांगतोय, तुमच्यावर लिवतोय म्हनून!" या रानातल्या वाड्यांत वर्षानुवर्षं कुणी ना कुणी वही घेऊन येतं. घरात माणसं किती, जमीन किती, झाडं किती, इथं राहणार की उठणार, असं विचारतं आणि लिहून नेतं. वहीवाल्या माणसाला इथं 'तुमच्यावर लिहितोय' असं म्हणणं म्हणजे काय, हे कळायला माझ्यासारख्या रामनगरच्या गिरणीवाल्याला सासऱ्यांचा रिकामा हात बघावा लागला.

आता मी लिहीत काय होतो, हेही सांगायला हवं. वर्षाच्या सुरुवातीला आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बढाई मारून बसलो होतो, की रोज सकाळी सात वाजता एक गोष्ट टाकीन. ग्रुपमध्ये खानापूर, बेळगाव, मडगाव अशी पांगलेली आमची बेचाळीस माणसं. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात विषय संपले. थोरल्या काकांना मी एकाच पंधरवड्यात दोनदा विहिरीत पाडलं, तेव्हा काकूंनीच ग्रुपवर विचारलं, "हे कधी झालं?" बायको म्हणाली, "माझ्या माहेरी चला. डोळे उघडे ठेवलेत तर विषय मिळतील." त्या विषयांच्या शोधात मी तिथं जाऊन पोचलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर माझी चौकशी झाली. पुनाप्पामामांनी फर्मावलं, "वही वाचा. मोठ्यानं. एक अक्षर गाळू नगासा."

मी वाचलं. वहीत होतं ते एवढंच : 'विषय नाही. बसमध्ये गर्दी. विषय नाही. म्हातारा. लाल टोपी. लाजाळू. विषय नाही.'

लोक खदाखदा हसले. अर्धी ओढलेली दारं उघडली, कोंबड्या बाहेर आल्या. मामा मात्र हसले नाहीत. ते दुखावले होते.

"विषय न्हाई म्हंजे? काल बसमधनं तुमच्यासंगं कोन उतरलं?"

"एक बाई होत्या बहुतेक."

"बहुतेक! शांती उतरली. सकाळी जाताना दोन पिशव्या घेऊन गेलती, येताना एकच. दुसरी कुठं हाय?"

"विसरली असेल."

"शांती इसरत न्हाई." मामांनी डोळे बारीक केले. "हे सरळ न्हाई, जावय. जे सरळ दिसतंय ते कुनीतरी सरळ करून ठेवलेलं असतंय."

मी बायकोला कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत कळलं, की शांतीचं आणि तिच्या बहिणीचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. त्या दिवशी ती कोकमांची पिशवी घेऊन बहिणीकडं गेली होती, आणि ती पिशवी मुद्दाम तिथंच ठेवून आली होती. परत आणायच्या निमित्तानं पुन्हा जाता यावं म्हणून. ती गोष्ट मी ग्रुपवर टाकली, तर एरवी नुसता अंगठा दाखवणाऱ्या माझ्या भावानं पहिल्यांदाच मला फोन केला.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी सासरवाडीला जायला लागलो. सासरे समजले, लेकीवर जावयाचा जीव फार. जीव होता पुनाप्पामामांच्या संशयावर. त्यांना कुठलीच गोष्ट साधी दिसत नसे. रस्त्यावर गाडी थांबली, तर का थांबली? अमक्यानं दाढी केली, मग आजच का केली? एकदा वळणावर पर्यटकांची गाडी बघून आले आणि मला म्हणाले, "झाडाचा फोटू काढतोय म्हनले. मग झाडाकडं पाठ करून का हुबे होते?" बिबट्याबद्दलही त्यांचं असंच. तो ओढ्यावर येऊन गेल्याचे ठसे सगळ्यांनी बघितले. मामा म्हणाले, "ठसे येतानाचे हायत. जातानाचे दावा." आम्ही चार दिवस घराबाहेर पडलो नाही.

त्यांनी मला लिहायची परवानगी दिली, पण तीन अटी घालून : "नाव न्हाई, वाट न्हाई, झाड न्हाई." शिवाय लिहिलेलं प्रत्येक पान त्यांना वाचून दाखवायचं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी खरंच कागदावरचं वाचतोय की मनाचं सांगतोय, हे तपासायची त्यांची रीत होती. तेच पान ते पंधरा दिवसांनी पुन्हा वाचायला लावत.

"मागल्या बारीला 'गेली' म्हनलासा. आज 'निघून गेली' म्हनतायसा. 'निघून' कुठनं आलं?"

"चांगलं वाटतं म्हणून घातलं, मामा."

"मग आदी ती कुठं अडकून बसली हुती काय?"

मी 'निघून' खोडलं. माझ्या लिखाणातले निम्मे शब्द मामांनी असेच हाकलले, आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

तिसरी अट मला कळत नव्हती. नाव आणि वाट समजू शकतो, पण झाड का नाही? घरामागच्या फणसाखाली बसलो असताना मी एकदा विचारलंच. मामांनी आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाले, "ह्या झाडाचं कुनाला सांगनार न्हाई म्हना आदी."

मी शब्द दिला.

ते मूळचे सुप्याकडचे. त्यांचं गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गावची बरीच माणसं आमच्या रामनगरला आली, मामा मात्र आईला घेऊन इकडं वर, तिच्या माहेरी आले. "मोजायला आल्याला मानूस लई गोड बोलायचा. मला म्हनला, तू हुशार दिसतोस, झाडं मोजून दे. मी तरना गडी. पळत पळत मोजली. आंबे, माड, फनस. समदी त्याच्या वहीत गेली. मग पानी आलं, आन् वहीतलं समदं पान्यात गेलं. वड्यापल्याडचा एक फनस तेवढा मोजायचा ऱ्हायला हुता."

"तो वाचला?"

"वाचतोय कशाचा! तोबी गेला. पन आईनं समद्याच फनसांच्या आठळ्या पदरात बांधून आनल्या हुत्या. मोजलेल्या झाडांची एक रुजली न्हाई. रुजली ती त्या एकाची." त्यांनी खोडावर थाप मारली. "ह्यो त्यो."

मी शहाणपणा केला. म्हटलं, "माती, पाऊस... त्याचंही कारण असेल, मामा."

"आसंल की. पन आपन मोजून कशाला बघा?"

तो शब्द मी जवळजवळ पाच महिने पाळला. मग गिरणीचा पट्टा तुटला. दळणाची गर्दी दारात, हात तेलात, सात वाजून गेलेले, आणि ग्रुपवर ओळीनं प्रश्नचिन्हं. डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. नाव नाही, वाट नाही, फक्त एक झाड, असं स्वतःला समजावत मी मोबाइलवर 'न मोजलेला फणस' लिहून टाकला. इतकी वाहवा मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी दिवसभर पिठात हरखून फिरत होतो. बायकोनं रात्री जेवताना एवढंच विचारलं, "मामाला विचारलं होतंत?"

आठवड्याभरात कुणीतरी माझ्या सासरवाडीचं नाव जोडून पुढं पाठवलेली ती गोष्ट वळणावळणानं अणशीच्या वळणावर पोचली. दोन गाड्या आल्या. 'ते न मोजलेलं झाड कुठं आहे? फोटो काढायचाय.' मेहुण्याच्या बायकोनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी गिरणी बंद केली आणि बायकोला घेऊन बस धरली.

मामा अंगणात होते. बसा म्हणाले नाहीत.

"त्यांना मी दुसरंच झाड दावलं," ते म्हणाले. "काढले फोटू. झाडाकडं पाठ करून." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमची काय चूक न्हाई. गोड बोलनारा वहीवाला मी दुसऱ्यांदा घरात घेतला. चूक माजी."

यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तर बरं.

"पुसून टाकतो, मामा."

"लोकांच्या डोस्क्यातनं कसं पुसनार?"

ते आत गेले. मी अंगणातच उभा राहिलो. ऊन पायावरून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा ते बाहेर आले. "पाडा त्याला."

"झाड?" मी दचकलो.

"तुमी लिवलंय ते. वाऱ्यानं पडलं म्हनून लिवा. पडलेलं बघायला कोन येत न्हाई. पन नीट पाडा. सरळ पाडलं तर कोन इस्वास ठेवनार न्हाई."

आणि मग त्या जित्या फणसाखाली बसून आम्ही दोघांनी तो पाडला. वारा कुठून आला? आधी कुठलं मूळ सुटलं? पडताना कशावर पडला? मी म्हणायचो, "मोठा आवाज झाला." ते म्हणायचे, "कसला आवाज? तुमी ऐकलासा?" शेवटी असं ठरलं, की मूळ ओढ्याच्या अंगानं सुटलं, झाड एकदम पडलंच नाही, गोठ्याच्या कौलांवर टेकून दुपारपर्यंत उभं राहिलं, आणि म्हाताऱ्यानं त्याला दोरानं बांधून बघितलं. चिकानं त्याचे हात काळे झाले ते आठ दिवस निघाले नाहीत. दोराचं आणि चिकाचं मामांनीच सांगितलं. मी नुसतं लिहून घेतलं.

मग म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. दोरापाशी आलो तेव्हा त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघत होतो. पांढरं, कापसासारखं.

"चांगला पाडलास रे," ते म्हणाले. कायम तुमी म्हणणारे मामा पहिल्यांदाच मला तू म्हणाले. मग उठले, आणि खोडावर तळहात ठेवून खात्री करून घेतली.

गोष्ट ग्रुपवर गेली. काकूंनी 'ॐ शांती' लिहिलं. वळणावर पुन्हा गाडी आली नाही.

पुढच्या वैशाखात मामा गेले. दुखणं थोडक्यात आटपलं. शेवटच्या दिवशीही सुनेनं दिलेली गोळी त्यांनी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "कालची पिवळी हुती. ही एवढी पांढरी का?" ही हकीकत सुनेनंच सांगितली, रडत आणि हसत.

इथं मी सगळी नावं बदलली आहेत. वळणही बदललं आहे. अणशीकडं वळणं पुष्कळ, शोधत बसू नका. झाड तरी फणसाचंच होतं कशावरून?

बाराव्याला आम्ही गेलो, तेव्हा निघताना सुनेनं बायकोच्या हातात एक गाठोडं दिलं. म्हणाली, "जावयांना द्या म्हनून सांगून ठेवलं हुतं. कागदात बांदू नगा, फडक्यात बांदा, म्हनले." आत आठळ्या होत्या. कुठल्या झाडाच्या, ते विचारू नका.

घरी आल्यावर गिरणीतल्या बाकावर मी त्या पसरल्या. पीठ झटकलं, चष्मा लावला, आणि सवयीप्रमाणं बोटानं एकेक बाजूला सारायला लागलो. एक, दोन, तीन...

बायकोनं माझा हात धरला.

"मोजू नका," ती म्हणाली. "लावा."