गुलबाक्षी नावाची आयडी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी कुशीवर वळते, मोबाईल उशीखाली सरकवते आणि पुन्हा बाहेर काढते. 'परसदार'वर अजून माझ्या मताची वाट बघतायत.

'परसदार' म्हणजे आम्हा बागवेड्यांचं संस्थळ. तिथे खऱ्या नावाने कुणी कुणाला ओळखत नाही, आयडीनेच हाका मारतात. कुणी बी पाठवलं की ते रोपही पाठवणाऱ्याच्या आयडीने ओळखलं जातं. माझी धाकटी बहीण शैला तिथे 'गुलबाक्षी' होती. कोल्हापूरपासून अमरावतीपर्यंत लोकांच्या दारात आज 'गुलबाक्षीचा वाल' आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता एका नव्या मुलीने विचारलंय, ही आयडी बंदच दिसते, मला मिळेल का?

आम्ही तिघं संपादक. एक म्हणतो द्या, दुसरी म्हणते नको. राहिले मी. दिली तर शैलाच्या जुन्या लिखाणावर नुसतं 'माजी सदस्य' असं येईल, आणि एक दिवस 'गुलबाक्षी'च्या शेजारी, ती आत्ता हजर असल्याचा, हिरवा ठिपका लागेल. तो बघून माझं काय होईल, याचा कुणी विचार केलाय?

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

बाल्कनीचं दार उघडंच आहे. शैला उकिडवी बसून कुंडीतली माती उकरतेय. आजारपणात गेलेले केस परत आलेत, जाडजूड वेणी पाठीवर आहे. मला इतका आनंद होतो की मी धावतच दाराशी जाते.

"गुलबाक्षी!" मी हाक मारते.

ती वळत नाही. कुंड्या संपतच नाहीत, आणि त्यांच्या टोकाला पोस्टाची खिडकी आहे. शैला रांगेत उभी आहे, ओटीत बियांच्या पुड्या. मी पुन्हा ओरडते, "गुलबाक्षी!" सगळी रांग माझ्याकडे बघते. प्रत्येकाच्या हातात वालाची एकेक शेंग आहे. ती तेवढी बघत नाही.

मला रडू येतं आणि तोंडातून तिचं घरातलं नाव निघतं. "ठमे, अगं ठमे!"

ती झटकन वळते. "काय गं तायडे, केवढ्याने ओरडतेस! लोक बघतायत."

"मघापासून हाका मारतेय. ऐकू येत नाही?"

"मला कुठे? तू दुसऱ्याच कुणाला तरी बोलवत होतीस."

"तुझंच नाव ते. तूच हौसेने घेतलंस."

ती कपाळाला आठ्या घालून आठवायला बघते. "असेल बाई. इथे नाही लागत."

मला भयंकर राग येतो. मेलेल्या माणसाचाही येतो राग. "मी रोज जाऊन बघते तुझं पान. शेवटची कधी आली होतीस ते लिहिलेलं असतं तिथे."

"मग?"

"मग काय. तेच असतं."

खिडकीच्या जागी आईचा ओटा आहे, सांगलीच्या घरातला, एका कोपऱ्याला टवका उडालेला. शैला टाचा उंचावून फळीवरची बरणी काढते. "हे बी मी तुला पाठवलं होतं. लावलंस?"

"नाही."

"का गं?"

"संपलं असतं."

ती हसते. तेच, नाक उडवून. "ठेवून ठेवून बी पोचट होतं, तायडे. मग ना तुला, ना कुणाला."

"बी वेगळं, नाव वेगळं."

"बरं, राहू दे." जिवंतपणीही ती असंच म्हणायची आणि मग स्वतःचंच खरं करायची.

"ती मुलगी त्या नावाने काहीबाही लिहील. गुलाबावर विषारी फवारे मारा म्हणून सांगेल."

"मग तू आहेस ना तिचे कान उपटायला."

"आणि लोक तुला विसरतील, ठमे."

या वेळी ती हसत नाही. बरणीचं झाकण नुसतं फिरवत राहते. "विसरतील," ती म्हणते. "मलाही वाईट वाटतंय. पण ठमी म्हणालीस की मी वळले. ते नाव मागितलंय का कुणी?"

"नाही."

"मग हात पुढे कर."

ती माझ्या तळहातावर काहीतरी ठेवते आणि स्वतःच्या हाताने माझी मूठ झाकते. तिची बोटं मातीने ओली आहेत.

"थांब ना थोडी."

"उन्हं कलली गं. फुलं उमलायला लागतील."

पंखा डोक्यावर आहे. तोंडाला कोरड पडलीय आणि उशी भिजलीय. माझी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते तर आत एक काळं, सुरकुतलेलं, मिऱ्याएवढं गुलबाक्षीचं बी. त्याचा ठसा तळहातावर उमटलाय. मी स्टुलावर चढून कपाटावरची, शैलाने पाठवलेल्या बियांची बरणी बघते. झाकणावर जाड धूळ आहे, कुणी हात लावलेला नाही.

खाली उतरून मी मोबाईलवर एकच शब्द लिहिते, "द्या."

मग बाल्कनीत जाते. रिकाम्या कुंडीत बोटाने खळगा करून त्यात ते बी टाकते.

"ठमे," मी मोठ्याने हाक मारते.

कुणी वळत नाही. थोडा वेळ थांबून मी वरून माती लोटते.