मिरदंगाची कणीक

उस्मानाबादचा तुकडा तोडून आमचा लातूर जिल्हा नवा झाला, तवाची गोष्ट हाय. लोकांला वाटलं, नवा जिल्हा म्हंजी नवं पाणी. कशाचं काय! जिल्हा नवा, हीर जुनी, अन् हिरीत खडखडाट. आभाळ कोरडं ठणठणीत.

आमी उदगीरला ऱ्हायचो. आमच्या येशूच्या देवळाची भजनी मंडळी व्हती. पाळकसाहेब पेटी वाजवायचे, आमचे मालक मिरदंग, अन् म्या टाळ. मला वाचता येत न्हाई, पर गाणी समदी तोंडपाठ. गावोगाव जायचं, येशूचं गाणं म्हणायचं, कुणी ऐकलं तर बरं, न्हाई ऐकलं तर रामराम करून म्होरं जायचं. लई दगडं काय कुणी मारली न्हाईत. कुत्री मातर लई लागली पाठी.

आता मिरदंगाचं एक असतंय. त्याच्या डाव्या तोंडाला गव्हाची कणीक भिजवून थापावी लागती, तवा त्यो घुमतो. ज्वारीचं पीठ चालत न्हाई, गळून पडतं. त्या साली घरात लेकरं कण्याची पेज प्यायची अन् मिरदंग गहू खायचा. म्या मालकाला म्हणायची, "आवो, ह्योच तुमचा थोरला ल्योक दिसतोय." मालक म्हणायचे, "देवाचा वाटा हाय त्यो." मूठभर पीठ डब्यात झाकून ठेवायचे. म्या कवा हात लावला न्हाई त्याला.

एक दिस पाळकसाहेब म्हणले, अमुक गावाला तलावाचं काम चालू हाय, तितं जाऊ.  त्याच गावात माझी थोरली भैन दिलेली. आमी दोघी नायगावकडच्या. आमी बाप्तिस्मा घेतला तवापून दाजींनी सांगितलं व्हतं, आमचा उंबरा चढू नका. आक्का बोलायची बंद झाली ती झालीच. बाजारात दिसली तर पदर तोंडावर घ्यायची. म्या टाळ घेतले अन् चालू लागले. मनात एकच, आक्का एकडाव बोलावी.

दुपारच्याला जेवायची सुट्टी झाली व्हती. बाया मातीची टोपली बाजूला ठिवून बाभळीखाली घाम पुसून राहिल्या व्हत्या. मुकादमानं तीन दगडावर चहा ठिवलेला. पाळकसाहेबांनी पेटी उघडली. मालकांनी डबा काढला, तांब्यातलं पाणी घेतलं अन् समद्यांच्या म्होरं बसून कणीक मळाय लागले. रोजची सवय, त्यांच्या ध्यानात बी आलं न्हाई. बायांच्या फडक्यात कोंड्याची भाकर, अन् हितं पांढऱ्या गव्हाचा गोळा मिरदंगाला चालला. समद्यांची नजर गोळ्यावर. एक लेकरू तर माईच्या मांडीवरून उठून बघत बसलं.

मागून आवाज आला, "अवो पाव्हनं! त्यो गोळा आमच्या पोटाला लावा की. आमी बी वाजतो!"

बाया खो खो हसल्या. मुकादम बी हसला. पाळकसाहेब पेटीत तोंड घालून बसले. मालकाचा हात तितंच थांबला. म्या मातर हसले न्हाई. आवाज आक्काचा व्हता.

म्या उठले, मालकाच्या हातातला गोळा घेतला अन् तिच्या म्होरं धरला.

"भीक नगं मला," आक्का म्हणली.

"भीक कशाची? मळून तयार हाय. भाज."

तिनं बोटानं दाबून बघितलं. "मीठ हाय का ह्यात?"

"मिरदंग मीठ खातो व्हय?"

"तुला सासरी काय शिकवलंच न्हाई बग," म्हणली, अन् उठली. मुकादमाचं भांडं खाली उतरवलं, पत्र्याच्या तुकड्यावर जाड रोटी भाजली. लेकरांला पयला तुकडा, मग बायांला चिमूट चिमूट. मला बी दिला. माझ्या हातात दिला, खाली ठेवून न्हाई.

मग गाणं झालं. बिनकणकेचा मिरदंग ओल्या पोत्यावर काठी मारल्यागत फटफट वाजला. बाया हसत हसत ऐकत व्हत्या, पर ऐकलं समदं. त्या गावात कुणी बाप्तिस्मा घेतला न्हाई, खोटं कशाला सांगू.

काम सुटल्यावर आक्का म्हणली, "घरी चल."

दाजी उंबऱ्यावरच बसलेले, पाय आडवे टाकून. मला बघून कपाळाला आठी.

"हिला कशाला आणलं?"

आक्का म्हणली, "जिल्हा नवा झालाय. जुनी भांडणं उस्मानाबादलाच ऱ्हाऊ द्या."

दाजींनी तंबाखू मळली. लई येळ मळली. मग पाय जवळ घेतले. आमी दोघी आत गेलो.

निघताना आक्कानं करंडा काढला. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापत्तोर आलं अन् थांबलं. आमी लावत न्हाई, तिला ठावं व्हतं. म्या बी मान मागं घेतली न्हाई, अन् म्होरं बी केली न्हाई. तिनं ते बोट सवताच्याच कपाळाला पुसलं.

"जा आता," म्हणली. "म्होरल्या आठवड्यात ये. अन् गाणं जरा सोपं आण, टोपलं उचलताना म्हणता आलं पायजे."