माझ्या गुडघ्याच्या मापाची बंगई

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर ओळ सोडून खाली जातं, त्याबद्दल माफी असावी. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितली. सवय आहे. पण बंगई घेतली त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही.

आमचं आंगण एक आणि ओसऱ्या समोरासमोर दोन. पलीकडच्या ओसरीत थोरल्या दिरांची सागवानी बंगई, फळीचा झोपाळा, साखळ्यांनी टांगलेली. तिच्यावर पुरुष बसायचे. आम्ही जावा खाली, भिंतीला टेकून. दीर फाटकात खाकरले की तेवढंही सोडून आत जायचं. वीस वर्षं मी अशी उठत आले. दिवसभर खुरपून आल्यावर खालून उठताना गुडघे दुखायचे हे खरं, पण नुसतं तेवढंच कारण नव्हतं. मला झुलायचं होतं, आपल्या ओसरीत, उजेडात.

दोन हजार सालानंतर गावात बायकांचा बचत गट निघाला. मी कर्ज मागितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, कशासाठी ते लिहावं लागतं. शेळी लिहू, शेळी म्हटलं की कुणी विचारत नाही. मी मान खाली घालूनच म्हणाले, "शेळी न्हाई घ्यायची. बंगई लिहा."

सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, "दूध देती का तुही बंगई?" मीही हसले, पण शब्द मागे घेतला नाही.

आखाडा बाळापूरच्या बाजाराला एकटी गेले. वेल्डिंगच्या दुकानात पायांवर उभा असलेला लोखंडी झुला होता, वर छत, बसायला निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. सुंदर दिसत होता. मी दांडीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पट्ट्याही मधून आत्ताच सैल. तिथून सुताराकडे गेले. सागाची फळी परवडणारी नव्हती. कडुलिंबाची एक जाड फळी त्याने दाखवली, दोघी मांडीला मांडी लावून बसतील एवढी. मी बोटांनी ठोकून पाहिली, वास घेतला आणि हीच द्या म्हणाले.

मालक कुठं आहेत, असं त्याने विचारलं. बंगई जमिनीपासून किती उंच टांगायची ते मालकाच्या गुडघ्यावरून ठरवतात. मी कमरेची सुतळी काढून दिली. टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजून घरूनच गाठ मारून आणली होती. त्याने ती ताणून बघितली.

"वहिनी, हे तर लेकराचं माप हाय."

"लेकराचं न्हाई. माझं हाय."

तरी टांगायला आला तेव्हा त्याने स्वतःच्या मनाने चार बोटं वर टांगली. बाईमाणसाच्या मोजण्यात चूक झाली असेल, असं त्याला वाटलं. बसले तर माझे पाय लोंबकळत राहिले. भाजीवालीशी घासाघीस करतानाही माझा आवाज निघत नाही, पण त्या दिवशी मी खाली घ्या म्हणाले. पुरुषांचे पाय दुमडतील, तो म्हणाला. दुमडू द्या, मी म्हणाले. त्याने दोन्ही साखळ्यांत दोन-दोन कड्या वाढवल्या. माझे तळवे जमिनीला टेकले.

दुसऱ्या दिवशी दीर फाटकात खाकरले. माझं अंग आपोआप अर्धं उठलं. मग मी परत बसले. दीर माझ्याशी कधी सरळ बोलत नसत. ते नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणावं, आपल्या घरात बाया अशा बसत न्हाईत."

नवरा चपलांकडे बघत राहिला. मी पदर पुढे ओढला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सरळ उत्तर दिलं. "मी बसले हाय, भाऊजी." आवाज बारीक होता, पण ऐकू गेला.

आठ दिवसांनी त्यांनी दुसरी वाट काढली. गटाचं सगळं कर्ज ते भरणार आणि बंगई त्यांच्या ओसरीत जाणार, पाहुण्यारावळ्यांसाठी. नवऱ्याला ते पटलं. "कर्जातून फुकट सुटून राहिली तू, काहून अडवतेस?"

"कर्ज माझं हाय," मी म्हणाले. "त्यांनी फेडलं तर बंगईबी त्यांची."

मग मी दुसऱ्यांच्या रानात जास्तीचा कापूस वेचला, लोकांच्या वाकळा शिवल्या. एका महिन्यात हप्ता कमी पडला, तेव्हा दोन कोंबड्या विकल्या. दुपारी दीर शेतात असले की जाऊबाई यायच्या. पहिल्यांदा फळीच्या काठावर बसल्या, लगेच उठता यावं अशा. मी म्हणाले, नीट बसा बाई, आणि थोडी सरकले. त्यांना माझ्यापेक्षा मोठा झोका लागायचा.

शेवटचे दोन हप्ते राहिले तेव्हा दिरांनी नवऱ्याकरवी पुन्हा विचारलं, अजून वेळ गेलेली नाही म्हणून. मी वाकळांचे आलेले पैसे पदराच्या गाठीत बांधले आणि गटाच्या बैठकीला गेले. दोन्ही हप्ते एकदम अध्यक्षबाईंपुढे ठेवले. त्यांनी दोनदा मोजले. मुद्दल आणि व्याज, सगळं फिटलं.