लिंकवर शिक्का बसत नाही

माणगावच्या एका कॉलेजात रतन शिगवण बावीस वर्षं ग्रंथपाल आहेत. बाई प्रामाणिक, पण महासंशयी. पुस्तक परत आलं की पानं मोजतात, आणि शिक्का नाही ती वस्तू ग्रंथालयाची मानत नाहीत.

एप्रिलात एका प्रकाशकाचं पत्र आलं. कॉलेजने वर्गणी भरून घेतलेल्या जर्नलमधले लेख कुणीतरी कॉलेजच्या वेबसाइटवर जसेच्या तसे ठेवले होते, अख्ख्या जगाला खुले. करारात परवानगी होती ती फक्त लिंक देण्याची. मुलांनी लिंकवर जाऊन, पासवर्ड टाकून वाचायचं.

रतनमॅडमच्या मनात पाल चुकचुकली ती प्रणय म्हात्रेंबद्दल. तासिका तत्त्वावरचा नवा मास्तर, सदा लॅपटॉपवर, मुलांना काहीही पाठवणारा. चार दिवस त्यांनी पाळत ठेवली. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर खात्रीच पटली, की चोर मुरलेला आहे. याला पुढच्या वर्षी घेऊ नये, अशी लेखी तक्रार त्यांनी प्राचार्यांकडे दिली.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. प्रकाशकाने पुराव्यादाखल लेखांच्या प्रती पाठवल्या होत्या.

"मॅडम, हा शिक्का कुणाचा?"

प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का, खाली रतनमॅडमची सही.

लिंकचा काय भरवसा, आज आहे उद्या नाही, म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनीच लेख छापून, शिक्के मारून, स्कॅन करून वेबसाइटवर चढवले होते. वर्गणी भरली म्हणजे लेख आपला, हा त्यांचा सरळ हिशेब. पत्रातली चोरी म्हणजे आपण केलेली मुलांची सोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"लेख आजच काढते," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि म्हात्रे सरांवरची तक्रार मागे घेते."

"नेमणुकांची यादी काल संस्थेकडे गेली. त्यांचं नाव नाही त्यात."

प्रणय स्टाफरूममध्ये कपाट रिकामं करत होता. रतनमॅडमना शरमेने त्याच्याकडे बघवेना. त्यांनी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पत्र आलं तेव्हाच मी वेबसाइटवर शिक्का बघितला होता, मॅडम."

"मग बोलला का न्हाय?"

"बोललो असतो, तर शिक्काही मीच चोरला म्हणाला असतात तुम्ही."

 रतनमॅडम अगदी हेच म्हणाल्या असत्या.