जोडीचं रक्त

सुईवाले मामू माणसाला तोंडावरून ओळखत नसत, कोपरावरून ओळखत. मुरुमच्या बाजारात कुणी सलाम केला तर आधी त्याला बाही वर करायला लावत आणि मग खुशीत म्हणत, "अरे, तू व्हय! मला वाटलं दुसराच कुणी."

नोकरी सरकारी. तापकऱ्यांचं रक्त काढायचं, बर्फाच्या थर्मासात घालायचं आणि तपासायला पुण्याला पाठवायचं. तिथं काय तपासतात, असं माझ्या आईनं एकदा विचारलं. मामू म्हणाले, "डासाचा ताप अंगात शिरला की रक्तात शिपाई उभे राहतात. आधी थोडे, मग लई. पुण्यात हंसाचं रक्त घालून ते मोजतात."

"अगं बाई! मोती खाणारा हंस तो. त्याचं रक्त आमच्या पोरीच्या रक्तात कशाला?"

मामूंनी थर्मासाचं झाकण घट्ट केलं. "वरून हुकूम हाय," म्हणाले. अडलं की एवढंच म्हणत.

मी तेव्हा नवी नवरी. माकणीला सासरी तापले. ताप उतरला, पण सांधे असे धरले की भाकरी थापायला हात उचलेना. सासूबाईंनी निकाल दिला, पोरगी मुळातच अधू, माहेरच्यांनी फसवलं. तापात मामूंनी एकदा रक्त नेलं होतं, पण काही कळायच्या आत माझी मुरुमला माहेरी रवानगी झाली. आमचे हे एक शब्दही बोलले नाहीत. स्वतःच्या आईपुढं ह्यांची वाचाच बसायची. अस्सा संताप आला होता मला!

दोन-तीन आठवड्यांनी मामू दुसऱ्यांदा रक्त घ्यायला माकणीला गेले, तर मी नाही. त्यांनी ओसरीवरच आवाज चढवला, "एकट्या रक्ताचा काय उपयोग? जोडी पाहिजे! वरून हुकूम हाय!"

संध्याकाळच्या एसटीनं मामू आमच्या दारात हजर, आणि त्यांच्यामागं हे! धुतलेला सदरा, बाही कोपराच्या वर दुमडलेली. सत्यनारायणाला बसावं तसे माझ्या शेजारी चटईवर बसले आणि म्हणाले, "काढा."

"तुमचं कशाला?" मामू ओरडले. "जोडी म्हंजे हिचंच तापातलं आन् हिचंच आत्ताचं! मला वाटलं, बायकोला भेटाया निघालात."

हे लाजून लाल झाले, पण हात खाली घेईनात. "आईला सरकारी हुकूम सांगून आलोय. आता तसाच कसा जाऊ? आन्... म्या पण तापलो होतो दोन दिवस. आईला बोललो न्हाय."

"मग माझ्यासाठी तरी तोंड उघडायचं होतं!" मी आईदेखत ओरडले. मला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. मामूंनी दोघांचंही रक्त काढलं.

पुण्याहून कळलं. माझ्या दुसऱ्या रक्तात शिपाई कितीतरी वाढले होते, म्हणजे सांधे धरले ते डासाच्या तापानंच, आणि ह्यांच्या रक्तातही तेच शिपाई निघाले. मामूंनी माकणी गाठली. सासूबाईंना म्हणाले, "सून अधू असंल तर पोरगाबी अधू. बोला!" आठवड्याच्या आत मला न्यायला गाडी आली.

पुढं मामूंची नजर गेली. शेवटचे भेटले तेव्हा बाजेवर पडून होते. मी न बोलता हात पुढं केला. त्यांनी कोपर चाचपलं आणि हसले.

"माकणीची सून." मग हवेत हात फिरवत कुरकुरले, "एकट्याचा काय उपयोग? दुसरं कुठं हाय?"

हे माझ्या मागंच उभे होते. बाही दुमडायला लागले.