दार उघडंच होतं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुतार उसन्या पटाशीने चौकटीत बिजागरीची खाच पाडत होता. त्याची स्वतःची पटाशी, रंधा, करवत सगळं पिशवीसकट पोलीस ठाण्यात जमा होतं. पंचनाम्यात त्या पिशवीला ‘घरफोडीचं साहित्य’ म्हटलं होतं.

चार दिवसांपूर्वी पोलीस एका पोराला पकडायला आले आणि मजला चुकले. जाड लोखंडी पाइपाची धडक बसताच दार भिंतीवर आदळून निखळलं. आत शिकवणी घेणाऱ्या बाई एकट्याच होत्या. समोरच्या घरात कपाट बसवत असलेला हा सुतार बाहेर आला, आडवं पडलेलं दार पाहिलं आणि बोलून गेला, “अहो साहेब, नुसतं लोटलेलं होतं की. बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं.”

जिन्यातली माणसं हसली. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तू आम्हाला काम शिकवणार?”

“शिकवत नाही. पण माणसं मोजून आणलीत, तसे मजलेही मोजायचे ना.”

त्याला फरफटत खाली नेलं. उजव्या खांद्यावर काठी बसली. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा, रात्रभर कोठडी, मग जामीन आणि रोजची हजेरी.

वकील म्हणाला, “तुम्ही खरं बोललात याला ते दारच साक्षीदार. कडी शाबूत, कोयंडा शाबूत, फक्त बिजागऱ्या उपटल्यात. मी कोर्टाकडून पाहणी मागतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नका.”

बायको म्हणाली, “दुनियेच्या दारांना कड्या लावता, एक स्वतःच्या तोंडालाही लावा.”

आणि काल संध्याकाळी बाईच दार बसवून द्या म्हणत त्याच्याकडे आल्या. दुसरा कोणी सुतार यायला तयार नव्हता.

खाच पाडून झाल्यावर त्याने विचारलंच. “बाई, पाहणी होईपर्यंत थांबता आलं नसतं का? पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न होता.”

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “दादा, मी जबाब दिलाय. दाराला आतून कडी घातलेली होती, असा. सहीसुद्धा केली.”

“कडी होती?”

“नव्हती. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. पण साहेब इथे तासभर बसून होते. दार नसलेल्या घरात. मी काय करणार होते?”

सुताराने पटाशी खाली ठेवली. हत्यारांची उसनी पिशवी उचलून निघून जाता आलं असतं. त्यातलं काहीच त्याचं नव्हतं. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. बाई चटकन भिंतीला टेकल्या आणि बूट वर निघून जाईपर्यंत तशाच राहिल्या.

त्याने पटाशी पुन्हा घेतली. उपटलेल्या स्क्रूंची भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, रंग फिरवला, दार चढवलं.

“कडी पण नवी लावा,” बाई म्हणाल्या. “मोठी.”

जुन्या कडीचे स्क्रू इतके घट्ट होते की दुखऱ्या खांद्याने जोर लावताना त्याला कळ आली. काढून त्याने ती खिडकीत ठेवली. दारावरून उतरल्यावर ती कुठल्याही दाराची कडी होती.

तो बाहेर पडला. आतून नवी कडी सरकली. बाईंनी ती दोनदा हलवून पाहिली.

“आता मात्र बंद आहे,” तो म्हणाला.

उद्या रविवार. हजेरी रविवारीही असते, अकरा वाजता. साहेब ठाण्यात नसतील तर बाकावर बसवतात; असतील तर उभं.