उजव्या चाकाजवळची नाल

"उस्ताद, ही गाडी नदीकडं वडती," सुदाम म्हणाला. "मी न्हाई वळवत. तीच वळती."

गंगाखेडात तीसेक वर्षं मी गाड्यांच्या चाकांची अलाइनमेंट केली. गाडी डावीकडं ओढते ही तक्रार रोजचीच. नदीकडं ओढते म्हणणारा हा पहिलाच. "का रे, तहान लागती का तिला?" मी म्हटलं. तो हसला नाही.

त्याच्या मागं त्याची भावजय सुमनबाई उभी होती. ट्रक तिच्या नवऱ्याचा. मागच्या हंगामात काठच्या रस्त्यावर, म्हसोबापाशी, तो ट्रकसकट गोदावरीत गेला. ट्रक निघाला, माणूस गेला. आता ट्रक दीर चालवत होता.

"एक गेला," ती म्हणाली. "दुसरा जाऊ देणार न्हाई. आज सरळ करा, न्हाई तर उद्या भंगारात घालती."

ट्रक कुठल्याशा लिलावातून दोन-तीन हात फिरून आलेला. फोर व्हील ड्राइव्ह, टायर माझ्या कमरेच्या वर. चिखलातून ऊस काढायला झकास. पण एवढ्या टायरला माझ्या कॉम्प्युटर मशीनचे क्लॅम्प बसेनात. मग जुनी रीत. दोन्ही टायरवर मधोमध खडूची रेघ मारायची, रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं, मागून मोजायचं. पुढचं माप जरासं कमी लागतं, त्याला टो-इन म्हणतात. ते बरोबर निघालं. हवा, ब्रेक, बेअरिंग, सगळं ठीक.

"चल, दाखव मला," म्हटलं.

भर दुपार होती. काठच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. रस्त्याकडेचा ऊस असा गप्प, की पानसुद्धा वाजेना. शेंदराचा म्हसोबा दिसला आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टिअरिंग आपोआप डावीकडं, नदीच्या अंगाला, फिरायला लागलं. हळूहळू. कुणीतरी बसून वळवावं तसं. खाली पाणी दिसलं. झडप घालून स्टिअरिंग धरलं, ओरडलो, "ब्रेक मार!"

गाडी थांबल्यावर सुदामकडं बघितलं. त्याचे दोन्ही हात छातीपाशी जोडलेले.

"अरे बाबा, हात का सोडलेस?"

"म्हसोबा हाय नव्हं. समदेच जोडत्यात. दादाबी जोडायचा."

धन्य! पण सरळ गाडी दोन क्षण हात सोडले तरी सरळच जाते. ही का वळली?

दुकानात परत आलो आणि चाकाशेजारी गवंड्याचा ओळंबा सोडला. उजवं चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं. याला कॅम्बर म्हणतात. एक चाक असं जास्त झुकलं की गाडी दुसऱ्या बाजूला पळते. एक्सलखाली शिरलो. उजव्या चाकाजवळ एक्सलच्या नळीच्या वरच्या अंगाला घोड्याची नाल चिकटवलेली. चांगलं जाडजूड वेल्डिंग.

"त्ये गेल्यावर बसवली," सुमनबाई म्हणाली. "पुन्हा दृष्ट लागू नये म्हणून."

मी कपाळावर हात मारला. वेल्डिंगनं लोखंड तापतं आणि निवताना आकसतं. नळी तेवढीशीच वाकते, पण चाक झुकायला तेवढं पुरतं. जिवाच्या राखणीला लावलेली नालच जिवावर उठली होती. मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं. मग ग्राइंडर लावला आणि नाल कापून काढली.

खाली जुना करडा रंग होता. तो खरवडला आणि माझा हात थांबला. रंगाखाली आणखी एक वेल्डिंगची रेघ. अर्धगोल, दोन टोकांची. दुसऱ्या नालेची.

"ही कुणी लावली?"

"आमी न्हाई," सुमनबाई म्हणाली. "घेतली तवा तिथं रंगच होता."

म्हणजे यांच्याआधीच्या कुणीतरी नाल ठोकली होती, मग ती कापून वर रंग फासला होता. कुणाच्या जाण्यानंतर, देव जाणे.

"मंग ह्यांच्या वक्तालाबी वडत व्हती?" तिनं विचारलं.

"होय बाई. नाल कापली तरी वाक राहतो. नव्या नालेनं वाढलं, पण आधीही ओढतच असणार, स्टिअरिंग सारखं दाबून धरावं लागत असणार."

ती टायरला टेकून खालीच बसली. सुदाम माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा रोज म्हणायचा, हात लय दुखत्यात. आमी त्याला नाजूक म्हणून हसायचो."

नळी उलट्या बाजूनं, खालून, तेवढीच तापवून निवू दिली आणि मापात आणली. रिकाम्या रस्त्यावर हात सोडून बघितलं. गाडी सरळ गेली. सुदाम आजही तीच चालवतो, म्हसोबाला गाडी थांबवून हात जोडतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ड्रायव्हर हात दुखतात म्हणाला, की मी हसत नाही. आधी ओळंबा काढतो.